हिर्डोशीचं दूध आणि साडूंचा राग

भोर तालुक्यातला निम्मा राग एकट्या आमच्या थोरल्या साडूंकडे आहे, आणि उरलेला निम्मा बाकीच्या लोकांना त्यांच्यामुळे येतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मी त्यांना दाजी म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात. पण त्यांच्या तोंडून पाव्हणं ऐकलं की आपल्याला जेवायला बोलावलेलं नसून पकडून आणलंय असं वाटतं. एसटी उशिरा आली की ते चिडतात. वेळेवर आली तर जास्त चिडतात, कारण तोवर मनात जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं फुकट जातं. वरवे बुद्रुकच्या एका लग्नात वाढप्यानं जिलबीचा आग्रह केला म्हणून हे पंगतीतून उठून गेले, आणि नंतर कुणी समजूत काढायला आलं नाही म्हणून यजमानांशी पुढचं वर्षभर बोलले नाहीत. राग जितका मोठा, तितकी त्यांची भाषा अदबीची होते. कॉम्प्युटर अडकला की त्याच्यापुढे हात जोडून म्हणतात, "आपण आज उठणार आहात, की आम्ही निघावं?"

नसरापूरजवळच्या एका खाजगी डेअरीत ते कॉम्प्युटर सांभाळतात आणि मी दुधाचे टेम्पो. कुणाचं दूध कुठल्या केंद्रावर गेलं, तिथून कुठल्या कॅनमध्ये, कुठल्या टेम्पोत, शेवटी कुठल्या टँकरमध्ये, हे सगळं त्यांच्याकडे ग्राफ डेटाबेसमध्ये असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. एका ठिपक्यावर बोट ठेवलं की रेघेरेघेनं मागे जाता येतं. अडचण एकच होती. रोजच्या नोंदींच्या भल्यामोठ्या फायली त्यात चढवायला इतका वेळ लागे की चढवून होईस्तोवर दुधाचं दही झालेलं असे. चढवायचा प्रोग्रॅम पुण्याच्या कुणीतरी लिहून दिलेला. तो बदलू द्या म्हणून दाजी कित्येक महिने डेअरीच्या साहेबांच्या मागे होते. साहेब म्हणायचे, "चालतंय ना? मग कशाला हात लावता?" हे वाक्य दाजी घरी येऊन साहेबांच्या आवाजात म्हणून दाखवत आणि मग जेवत नसत.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी, आमचे टँकर जिथं जातात त्या मोठ्या प्लँटवरून निरोप आला. आमचे काही टँकर परत फिरवलेत, दुधात जनावरांच्या इंजेक्शनचा अंश सापडलाय. साहेबांनी चहा संपायच्या आत निकाल दिला. "हिर्डोशीकडचं दूध उद्यापासून बंद. डोंगरातली माणसं जनावरांना काय टोचतात, त्यांचं त्यांना माहीत."

मी हिर्डोशीचा. माझी आई तिथं एक म्हैस राखून आहे. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मी म्हणालो, "साहेब, कशावरनं? घाटातला रस्ता खचल्यापासनं सगळे टेम्पो उलटेपालटे फिरत्यात. कुणाचं दूध कुठं मिसळलंय, म्यापन सांगू शकत न्हाई."

"मग कोण सांगणार?"

"मी सांगतो," दाजी मागून म्हणाले. "फक्त संध्याकाळपर्यंत आदेश काढू नये, ही विनंती." ते विनंती म्हणाले तेव्हा मी दोन पावलं मागे सरकलो.

फाईल पहाटेपासून चढतच होती, निम्म्यापर्यंत आलेली. दाजी खुर्चीत बसले आणि त्यांनी ती बंद केली. मग आतलं होतं नव्हतं ते सगळं पुसून टाकलं.

"दाजी, निम्मी झाली होती," मी म्हणालो.

"पाव्हणं, मांडवात एकेका पाहुण्याची ओळख पटवायला दर वेळी अख्खा मांडव हिंडायचा का? हे प्रोग्रॅम-महाशय दर ओळीला तेच करतायत. जसजशी गर्दी वाढेल तसतसे आणखी सावकाश. उद्या सकाळी पोचतील, तुमच्या आईच्या म्हशीचं दूध ओतून दिल्यावर."

मग त्यांनी जे केलं ते मला समजलं तेवढंच सांगतो. प्रत्येक गवळ्याला, केंद्राला, कॅनला एकच पक्का क्रमांक दिला आणि त्यांची सूची आधी बांधली, म्हणजे नाव घेतलं की माणूस लगेच सापडावा. आधी नुसते ठिपके चढवले, रेघा एकही नाही. ते झाल्यावर रेघांची वेगळी फाईल, तीही एकदम न ओतता बेताबेतानं, हजारो ओळींच्या घासांनी. हे करताना ते पुण्याच्या त्या माणसाला, साहेबांना, पंख्याला आणि मला आळीपाळीनं अहोजाहो करत होते. दुपारी आम्ही जेवणाचे डबे उघडले, तोवर फाईल चढून झाली होती.

परत फिरवलेले सगळे टँकर एका बाजूला, चांगले एका बाजूला. दाजी रेघा धरून मागे मागे गेले. हिर्डोशीच्या रेघा चांगल्या टँकरमध्येही तेवढ्याच होत्या. परत फिरवलेल्या प्रत्येक टँकरला जाऊन मिळणारी वाट भाटघरच्या केंद्रावरून येत होती, आणि तिथून मागे एकाच घरापर्यंत पोचत होती. ते नाव वाचून दाजींनी खुर्ची बाजूला घेतली. मी वाकून पाहिलं. ते आमच्या सासऱ्यांचं नाव होतं.

खोलीत आम्ही दोघंच. पुसायचं म्हटलं तर एक ठिपका. ते मी बोललोही नाही, पण माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"चला," दाजी म्हणाले, आणि साहेबांना जाऊन नाव सांगून आले, नात्यासकट.

तपासणीची पट्टी घेऊन आम्ही भाटघरला गेलो. सासरे गोठ्यातच होते. दुधात पट्टी बुडवली, दोष निघाला. "गाईचा सड सुजला हुता," सासरे म्हणाले. "सुई दिली. एक दीस दूध बाजूला काढलं, मग घातलं. लई दीस थांबायचं असतं, हे आमास्नी कुणी सांगितलं न्हाई ओ."

मी दाजींकडे बघत होतो. आयुष्यभर साठवलेला राग आता बाहेर येणार, तर पळायला सोपं पडावं म्हणून मी छत्रीही मिटली. दाजी उकिडवे बसले, गाईच्या सडाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "मामा, सांगायचं काम आमचं होतं."

हिर्डोशीचं दूध चालू राहिलं. केंद्राकेंद्रावर डॉक्टर जाऊन सांगून आले. त्यानंतर सासरे कुठल्याही गाईला औषध दिलं की सकाळी दाजींना फोन करत. "जावईबापू, आज घालू का दूध?" दाजी खेकसत, "मला काय विचारता? डॉक्टरला विचारा," आणि स्वतःच डॉक्टरला फोन लावत.

यंदा सासऱ्यांचे गुडघे गेले, गाई विकल्या. आता फोन येत नाही. दाजी सकाळी मोबाईल समोर ठेवून चहा घेतात, आणि थोरल्या मेहुणीनं विचारलं, काय झालं, तर म्हणतात, "काही नाही. चहा गार दिलास." चहातून वाफ निघत असते. ती तो मुकाट्यानं आत नेते आणि पुन्हा तापवून आणते.