श्रीनिवासरावांचे चार चौकोन

श्रीनिवासराव मिरजकर लंडनमधल्या आमच्या हाउन्सलोच्या गल्लीत सगळ्यांचे दुभाषी होते. मला त्यांचा अजून राग येतो, पण सुरुवात चांगल्यापासूनच करायला हवी, कारण माणूस खरोखर चांगला होता. कौन्सिलचं पत्र आलं किंवा हॉस्पिटलची अपॉइंटमेंट लागली की आम्ही त्यांचं दार वाजवायचो. हीथ्रोच्या कार्गोतली शिफ्ट संपवून, इस्त्रीचा शर्ट चढवून ते सोबत यायचे. डॉक्टर पाच मिनिटं बोलले, तर हे दोन वाक्यांत सांगायचे. माझ्या सासूबाईंच्या वेळी 'घाबरण्यासारखं काही नाही' एवढंच म्हणाले. आम्ही घाबरलो नाही, आणि दोन महिन्यांत सासूबाई गेल्या.

त्यांची बायको लीलावती माझी मैत्रीण. विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायला आम्ही एकाच लाइनवर उभ्या असायचो. ती त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. त्यांच्याकडे मामाची मुलगी करायची पद्धतच आहे. आईने भावाला शब्द दिला होता, झालं. अठ्ठ्याऐंशी साली त्यांना देवयानी झाली. टपोऱ्या डोळ्यांची, गोड पोर, पण मान धरेना, पाय हलवेना. स्नायूंचा आजार होता, रक्तातून आलेला. चौदा महिन्यांची होऊन गेली. एवढीशी शवपेटी श्रीनिवासरावांनी स्वतः उचलून नेली.

लीलावतीला दुसरं मूल हवं होतं. फार हवं होतं. डॉक्टरांनी दोघांना बोलावून घेतलं, कागदावर काहीबाही काढून बराच वेळ समजावलं. तिला तेव्हा इंग्रजीचा गंध नव्हता. बाहेर आल्यावर श्रीनिवासरावांनी तिला सांगितलं, "डॉक्टर नको म्हणतात. आपलं रक्त एकच आहे, पुढचंही असंच होईल." दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तिने मला हेच शब्द सांगितले आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. बारशाला मात्र पाळणा तीच म्हणायची, आणि म्हणून झाला की कुणाच्याही स्वयंपाकघरात भांडी घासत उभी राहायची.

पुढे पंधराएक वर्षांनी कार्गोतल्या कुणीतरी गाव सोडताना श्रीनिवासरावांच्या गळ्यात एक सरडा मारला. रंग बदलणारा, आपल्याकडे घोयरा म्हणतात तसला. देवयानीच्या खोलीत पिंजरा आला, वर दिवा आला, मग दुसरा पिंजरा. "रंग बदलणारी माणसं कमी पडली काय?" मी म्हटलं. ते हसले. खरं सांगते, त्या माणसाला इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

एका प्रदर्शनातून त्यांनी फिकट नर आणला. त्याच्या पायांवर आणि गालांवर रंगच नव्हता, आतलं गुलाबी मांस दिसायचं, चुन्याची भिंत धुऊन निघावी तसं. साध्या मादीशी त्याची जोडी लावली, तर पिल्लं सगळी हिरवी. मी म्हटलं, गेली तुमची मेहनत वाया. ते म्हणाले, नाही वहिनी, तो गुण आत दडून बसलाय. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच पिल्लांतल्या भावाबहिणीची जोडी लावली. मी नाक मुरडलं, तर लीलावती म्हणाली, "आम्ही तरी काय फार लांब गेलो होतो?"

अंडी आठ महिने ओलसर भुशात होती. दोन हजार सातच्या वसंतात फुटली. छत्तीस पिल्लं, त्यांतली नऊ फिकट. त्या नवांची नजर अधू होती. जीभ फेकायची आणि समोरचा किडा चुकायचा. लीलावती कामावरून येऊन त्यांना चिमट्याने एकेक किडा भरवायची.

एका रविवारी मी चहाला गेले होते. श्रीनिवासराव खुशीत होते. बरोबर चौथा हिस्सा निघाला म्हणून त्यांनी मला पाकिटाच्या मागे चार चौकोन काढून दाखवले. आईबाप दोघांत दोष दडलेला असला की दर खेपेला चारांत एका पिल्लाला धोका. एक चौकोन त्यांनी काळा केला. बाकीचे तीन धडधाकट. मी विचारलं, हे शिकलात कुठे? ते बोलून गेले, "डॉक्टरांनी काढून दाखवलं होतं."

लीलावती पिंजऱ्यांवर पाणी फवारत होती. तिचा हात थांबला.

"कुठल्या डॉक्टरांनी?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. ती टेबलाशी आली, पाकीट उचलून पाहिलं.

"हे चौकोन मी पाहिलेत," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, औषध किती वेळा घ्यायचं ते लिहिताहेत. आपल्या वेळी किती काळे केले होते?"

"एक."

"आणि तू मला सांगितलंस, सगळे."

लग्नापासून ती त्यांना अहोजाहो करायची. लहानपणचं 'तू' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी कबूल केलं. डॉक्टर नको म्हणालेच नव्हते. तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाले होते. श्रीनिवासराव रडत होते, माझ्यासमोर रडत होते. "ती एवढीशी पेटी मला पुन्हा उचलायची नव्हती, लीला."

"ते मला विचारायचं होतंस," ती म्हणाली, आणि फवारायची बाटली घेऊन राहिलेल्या पिंजऱ्यांकडे गेली.

मी चहा तसाच टाकून घरी आले. सासूबाईंच्या बाबतीतही डॉक्टर खरं काय म्हणाले होते, ते मी त्यांना आजतागायत विचारलेलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

महिन्याभरात श्रीनिवासरावांनी हिरवी पिल्लं ज्याने मागितली त्याला देऊन टाकली. फिकट नऊ लीलावतीने नेऊ दिली नाहीत. ती एकेक करून मेली, शेवटचं नाताळच्या आधी. गल्लीत कुणाचं पत्र आलं तर श्रीनिवासराव आता म्हणतात, मुलांकडून वाचून घ्या. ते घरात असतात, जेवतात, तीही वाढते. ओरडाआरडा कधीच झाला नाही.

परवा लाइनवर ट्रे भरताना मी तिला विचारलं, अजून राग आहे का गं? ती पावाच्या पुड्या ठेवत राहिली. मला वाटलं, मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.

"हिरवी सत्तावीस होती गं," ती म्हणाली. "मी एकेक हातात घेऊन मोजली होती."