थोआने तोडलेली साखर

व्हिएतनाममधल्या बेन त्रेच्या कालव्याकाठी थोआच्या हाताला चव आहे असं सगळेच म्हणत. नारळाच्या दुधात साखर आटवून ती गोळ्या करायची, आणि घाण्यातली पहिली गरम गोळी नवऱ्याच्या, खिएमच्या तोंडात जायची. त्याच थोआने त्याची साखर तोडली.

खिएमच्या यकृतात कर्करोगाची गाठ होती. त्याला मात्र नुसती सूज आहे एवढंच सांगितलेलं. आमच्याकडे रोग्याला खरं सांगत नाहीत. धसक्यानेच माणूस जातो म्हणतात. काही महिने औषध लागू पडलं, मग गाठ पुन्हा वाढू लागली.

डॉक्टर उयेनने थोआला एकटीला आत बोलावलं. "गाठीने साखर जाळायची रीत बदललीय, काकी. भरमसाठ साखर ओढते, अर्धवट जाळते, आणि त्या जोरावर औषधाला दाद देत नाही."

थोआने त्यातली साखर तेवढी धरली. पुढे विचारायची तिची हिंमत झाली नाही, आणि डॉक्टरीणबाईंना सवड नव्हती.

भात गेला, फळं गेली. उरला उकडलेला पाला आणि जरासा मासा. खिएम शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलायचा, "गावाला गोड खाऊ घालते आणि नवऱ्याला पाला. बकरा पाळलाय जणू."

"सूज उतरू दे, मग खा हवं तेवढं."

"माझ्या मरणाची वाट बघतेयस, दुसरं काय."

सांगावं तर तो खचणार, न सांगावं तर ही कैदाशीण. शेजाऱ्यांना खरं ठाऊक होतं, तरी मेले हसायचे.

पुढच्या तपासणीला खिएम बाहेर बाकावर बसला होता. आत डॉक्टर चिडली. "काका एवढे वाळले कसे? या अंगाला औषध झेपणार नाही. बंद करावं लागेल."

"मी साखर तोडली. गाठ उपाशी मरेल म्हणून."

"ताटात नसली तर शरीर स्वतःचं मांस झिजवून साखर करतं, आणि गाठ ती खाते. उपाशी राहिले ते काका."

घरी येताच थोआने नारळाच्या दुधात तांदूळ शिजवले, मूठभर साखर घातली आणि वाडगा त्याच्यापुढे धरला. खिएमने वाडग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"डॉक्टरांनी हात टेकले वाटतं," तो म्हणाला.

"काहीतरीच काय. सूज उतरली म्हणून दिलं."

"सूज नव्हतीच ती." त्याने वाडगा हळूच परत सरकवला. "भूक होती तेव्हा दिलं असतंस, तर खाल्लं असतं गं."