तीन डोळ्यांची छतरी

माझ्या नवऱ्याच्या मामांनी आयुष्यात कुठलीही वस्तू दुकानातून आली तशी वापरलेली नाही, आणि माझी खात्री आहे की उद्या त्यांना स्वर्गात जागा मिळाली तर पहिल्याच आठवड्यात ते तिथल्या दरवाज्याच्या बिजागऱ्या काढून दुसऱ्या बाजूला बसवतील आणि द्वारपालाला सांगतील, "अब देखो, कितना हल्का चलता है." त्यांच्या घरातला कूलर खिडकीत नाही, चाकांवर आहे आणि तो माणसांच्या मागे फिरतो. कुकरची शिट्टी त्यांनी अशी काही घासली आहे की ती किंचाळत नाही, खाकरते. दाराची घंटा दाराशी वाजत नाही, स्वयंपाकघरात वाजते, कारण दार उघडणाऱ्या मामीजी स्वयंपाकघरात असतात. वस्तूबरोबर येणारं माहितीपत्रक ते न वाचता लोणच्याच्या बरणीखाली घालतात. काहून, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बेटा, ज्यानं ते लिहिलं त्यानं आपलं घर पाह्यलं आहे का?"

मी त्यांच्या अगदी उलट. किराण्याची यादी, सणाची यादी, पाहुण्यांची यादी, आणि कोणती यादी कुठे ठेवली त्याची एक यादी. आमचं घर जबलपुरात सदरला, त्यांचं गोहलपुरच्या अलीकडे; ऑटोनं फार तर एका मालिकेच्या भागाइतका वेळ. त्यामुळे मामाजींचं नवं काम निघालं की मामीजींचा फोन येतो, "सूनबाई, हे पुन्हा काही करून राहिले, तू ये जरा." मी पर्समध्ये पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, टाकून निघते. नात्यात मला सून म्हणतात. प्रत्यक्षात मी देखरेख अधिकारी आहे.

छतरीचं काम मात्र वेगळं होतं, कारण ते मामीजींसाठी होतं. जबलपुरात टीव्हीच्या डिशला सगळे छतरीच म्हणतात. मामीजींची थोरली बहीण अमरावतीकडच्या एका खेड्यात राहते. तिचे गुडघे गेलेले, मामीजींना डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला, त्यामुळे कित्येक वर्षांत दोघींची भेट नाही. फोनवर बोलावं तर ताईंना ऐकू येत नाही, इकडून मामीजी "कशी आहेस?" असं ओरडतात, तिकडून ताई "हो, पाऊस झाला" असं सांगतात. व्हिडिओ कॉल करून पाहिला, तर ताई फोन असा धरतात की आम्हाला त्यांच्या घरचा पंखा दिसतो. चांगला पंखा आहे, पण मामीजींना बहीण पाहायची होती. अशात ताईंच्या मुलानं कळवलं की विदर्भातल्या एका लहानशा वाहिनीनं गावात येऊन ताईंच्या जात्यावरच्या ओव्या चित्रित करून नेल्या, आणि त्या पाडव्याला सकाळी दाखवणार आहेत. एकदाच. ती वाहिनी केबलवर नव्हती, मोबाइलवरही नव्हती. ती होती एका उपग्रहावर, आणि मामाजींची छतरी भलत्याच उपग्रहाकडे बघत होती.

"मग छतरी फिरवा," मी म्हटलं.

"फिरवली तर हिच्या रोजच्या मालिका जातील," मामाजी म्हणाले. "फिरवायची नाही. तिला डोळे लावायचे. तीन!"

छतरीच्या थाळीसमोर दांडीवर जी डबी असते, तिला ते डोळा म्हणतात. थाळी एकच; पण दांडीवर आडवी पट्टी लावून तिच्यावर शेजारी शेजारी तीन डब्या नेमक्या कोनात बसवल्या तर प्रत्येक डोळा वेगळ्या उपग्रहाकडे पाहतो. तिन्हींच्या तारा एका लहान स्विचमध्ये जातात आणि तिथून एकच तार खाली टीव्हीजवळच्या रिसीव्हरकडे. मी तिथल्या तिथे यादी करून दिली. पहिलं कलम: आपला रिसीव्हर स्विच ओळखतो का ते पाहणे. मामाजींनी यादी कौतुकानं वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि शेवटच्या कलमापासून सुरुवात केली. पट्टी कापली, डोळे आणले, तारा ओढल्या, सगळं जोडून झालं, आणि मग कळलं की घरचा जुना रिसीव्हर एकाच डोळ्यानं पाहतो. बाकीचे दोन आहेत याचा त्याला पत्ताच नाही.

रिसीव्हर काखेत मारून आम्ही गोहलपुरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तो उलटासुलटा करून पाहिला.

"अंकलजी, डब्बा पुराना है. इसको स्विच की भाषा नहीं आती."

"भाषा नहीं आती तो सिखाओ भैया. हमारे नातियों को भी मराठी कहाँ आती है, हम सिखा रहे हैं ना?"

"नाती सीखे?"

मामाजींनी जुना डब्बा परत काखेत मारला. "नया डब्बा दिखाओ," म्हणाले.

नवा रिसीव्हर तिन्ही डोळे ओळखणारा होता. फक्त कोणता डोळा स्विचच्या कोणत्या तोंडाला जोडला हे त्याला सांगावं लागे, आणि मामाजींनी ते उलट्या क्रमानं सांगितलं. कारण त्यांनी गच्चीवरून खाली पाहत मोजलं होतं. परिणामी, जिथे ओव्यांची वाहिनी यायला हवी तिथे दक्षिणेकडचा एक स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला. मामाजी स्विच उकलत बसले तेवढ्यात मामीजींनी भाषा न कळता त्यातली एक वांग्याची भाजी शिकून घेतली. ती आम्ही अजून खातो.

मग कोन जुळवायचं काम. वर मामाजी, खाली टीव्हीसमोर मामीजी, आणि मध्ये जिना. ओरडलेलं वर पोचत नसे, म्हणून त्यांनी पद्धत ठरवली: सिग्नलची पट्टी चढली की मामीजींनी स्टीलच्या ताटावर लाटणं एकदा हाणायचं, उतरली की दोनदा. फोन दोघांकडे होता. मी तसं सुचवलंही. "फोनवर ही बोलत बसते," मामाजी म्हणाले, "ताट मुद्द्याचं बोलते." आठवडाभर त्या घरातून संध्याकाळी ताट वाजत होतं. शेजारच्या चाचींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बहू, मराठी लोगों में ये कौन-सा व्रत है?" पहिला डोळा जुळला, दुसरा जुळला. तिसरा, म्हणजे आपल्या कामाचा, थाळीच्या कडेला पडल्यामुळे कायम काठावर असायचा. केसाएवढा हलला की गेला. शेवटी पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी तोही लागला. पडद्यावर चक्क वऱ्हाडी बोलणारी एक मुलगी आली आणि मामीजी तिला म्हणाल्या, "बस बाई, उद्या सकाळपर्यंत अशीच बस."

पाडव्याला मी सकाळीच गेले. गुढी उभी झाली होती. आख्ख्या गल्लीत ती एकच गुढी असते, म्हणून मामाजी ती सगळ्यांना दिसेल अशी उंच उभारतात. मामीजी नवं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसल्या होत्या. पहिला उपग्रह लागला. दुसरा लागला. तिसऱ्यावर निळा पडदा आणि 'सिग्नल नाही'.

मामाजींनी तारा काढून परत लावल्या. रिसीव्हर बंद करून चालू केला. मामीजी नुसत्या घड्याळाकडे आणि मग मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिल्या. ते पाहवलं नाही म्हणून असेल, मामाजी एकदम जिन्याकडे धावले आणि मी त्यांच्या मागे.

गच्चीवर पोचल्यावर आम्ही दोघंही उभेच राहिलो. रस्त्याकडच्या कठड्याला एक लोखंडी कडी आहे. वर्षभर ती रिकामी असते, म्हणून तिच्या मागच्या छतरीचा तिसरा डोळा जुळवताना तिचा विचार कोणी केला नव्हता. पाडव्याला तिच्यात गुढीची काठी बसते. आणि आज पहाटे, उपग्रहाचा केसभर कोन जाणणाऱ्या या माणसानं, दर वर्षीच्या सवयीनं, स्वतःच्या हातानं, मामीजींचा लग्नातला जरीचा शालू, लिंबाचा डहाळा आणि वर तांब्या असं सगळं तिसऱ्या डोळ्याच्या थेट नजरेसमोर उभं केलं होतं.

"उतरवायची का, मामाजी?"

"सूर्य मावळायच्या आधी? तुला वेड लागलं का?"

"मग काठी सरकवू."

"हिनं हळदकुंकू वाहिलंय बेटा. आता ती तिथेच."

"दोरी आणते, शालू बाजूला बांधू."

"तू दोरी आणेपर्यंत ताई गाऊन घरी जाईल!"

त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि शालूच्या निऱ्या मुठीत धरून, कुणाच्या तोंडावरचा पदर सारावा तशा हळूच बाजूला केल्या. मी जिन्यात जाऊन कान दिला. खालून जात्याची घरघर आली आणि मागून एक पिकलेला, ठसठशीत आवाज.

"आल्या!" मी ओरडले. "मी धरते मामाजी, तुम्ही जा खाली."

"तुझी उंची नाही पुरत. आणि किती धरायचं ते तुला नाही समजणार. जा, हिच्याजवळ बस."

मी जाऊन बसले. वारा आला की पडद्यावर ताईंचे तुकडे तुकडे होत, आणि लगेच कोणीतरी वरून सावरल्यासारख्या त्या पुन्हा अखंड होत. मामीजी पुढे सरकत सरकत टीव्हीच्या इतक्या जवळ गेल्या की दोघी बहिणी समोरासमोर बसून दळत आहेत असं वाटावं. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "हे कुठे गेले?" मी म्हटलं, "वर आहेत, पाहून राहिले." कार्यक्रम संपला तेव्हा मी वर जाऊन सांगितलं, तरी मामाजींनी निऱ्या सोडल्या नाहीत. म्हणाले, "जाहिरातीनंतर अजून एखादी ओवी असेल." नव्हती. मग उतरले.

खाली आले तेव्हा उन्हानं चेहरा लाल झाला होता आणि उजवा हात सरळ होत नव्हता. तो पाठीमागे लपवून ते जेवणाच्या पाटावर बसले.

"पाहिलं ना तुम्ही ताईला?" मामीजींनी विचारलं.

"म्हणजे काय! एकदम साफ."

"कोणत्या रंगाचं लुगडं होतं तिचं?"

मामाजींनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हिरवं."

"जांभळं होतं," मामीजी म्हणाल्या. त्यांनी वाढायला घेतलेली पुरणपोळी परत डब्यात ठेवली आणि मामाजींसमोर येऊन बसल्या. "आता ऐका. सुरुवातीपासून सांगते."

आणि त्यांनी पहिली ओवी म्हणायला घेतली. मी वाढायला उठले होते, ती परत खाली बसले.