बक्षीस कुणाला, हे थेल्मा सांगते

थेल्मा ग्रॉबार्ट पहिल्यांदा दिसली तेव्हा वाटलं, काय गोड म्हातारी आहे. आता आठवलं की हसून पोट दुखतं. पांढरे मऊ केस, काळा कोट, हातात छोटी बॅटरी, आणि "या, इकडून या, पायरी आहे हं," असा लोण्यासारखा आवाज. वाटलं, ही घरी जाऊन नातवंडांसाठी बिस्किटं भाजत असेल. नातवंडं नव्हतीच. आणि तिने भाजलं ते माणसांनाच.

ब्रॉडवेवरच्या त्या थिएटरात थेल्मा लोकांना जागा दाखवायची. अर्धं आयुष्य तिने तेच केलं होतं. ज्यांना जागा दाखवायची त्यांना मागून नावंही ठेवायची. उग्र अत्तर लावून येणारी बाई म्हणजे 'अंत्ययात्रा'. उशिरा येऊन सगळ्या रांगेला उठवणारा माणूस म्हणजे 'सरकारी पाहुणा'. ती कुणाच्या तोंडावर कधी बोलायची नाही. त्यांच्या कोपराला हलकेच हात लावून खुर्चीपर्यंत न्यायची, आणि परत येताना ओठ मुडपून हसायची.

पण थेल्माची खरी कीर्ती वेगळीच. दरवर्षी जूनमध्ये नाटकांची बक्षिसं जाहीर व्हायची. त्यात संगीत नाटकातल्या मुख्य नटीचं बक्षीस कुणाला मिळणार, हे थेल्मा महिनाभर आधी सांगायची, आणि तिचं बरोबर निघायचं. दर साल. वर्तमानपत्रात पानं भरभरून लिहिणारे चुकायचे, थेल्मा चुकायची नाही.

यात जादूटोणा काही नव्हता. बक्षिसांसाठी मत देणारी मंडळी फुकट तिकिटावर यायची आणि त्यांना बसायला कडेच्या चांगल्या खुर्च्या असायच्या. थेल्मा स्टेजकडे बघायचीच नाही, या मंडळींकडे बघायची. नटीचं मोठं गाणं चालू असताना मांडीवरचा कोट कोण चाचपतोय, पुस्तिका कोण उलटतोय, आणि कोट खाली घसरला तरी कुणाला कळत नाहीये. बाकीच्या थिएटरांतल्या दारावरच्या बायका तिच्या मैत्रिणी होत्याच. दुपारच्या आणि रात्रीच्या खेळाच्या मधल्या वेळात सगळ्या एकाच उपाहारगृहात सूप प्यायला जमायच्या. कोट कुठे घसरले, हे तिथे सगळं कळायचं.

आणि मग मे महिन्यात, थिएटरच्या मागच्या दाराशी, दारवान लॉनीच्या खोलीत सगळे जमले की थेल्मा निकाल द्यायची. एकेकीची सालटी काढत.

"ती? तिचा आवाज चांगला आहे गं. पण डोळे उघडे ठेवून झोपते."

"आणि दुसरी?"

"दुसरी रडते सुंदर. नाटक विनोदी आहे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं."

लोक हसून हसून भिंतीला टेकायचे. कुणाला वाईट वाटेल असं कुणाच्या मनात यायचं नाही, कारण त्या नट्या दुसऱ्या थिएटरांतल्या असायच्या.

त्या वर्षी मात्र एक नटी आपलीच होती. मॅरिबेथ क्विल. नाटक तसं बेताचं, पण मॅरिबेथ गायची तेव्हा छताची झुंबरंसुद्धा ऐकायची. तिकिटं मात्र म्हणावी तशी खपत नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं की मॅरिबेथला बक्षीस मिळालं तर नाटक पुढचं वर्षभर चालेल, नाही मिळालं तर जूनमध्येच गाशा गुंडाळायचा.

आणि ह्यात सगळ्यात जास्त जीव अडकला होता ओडेटचा. ओडेट मॅरिबेथला कपडे चढवायची. हैतीहून लहानपणी आलेली, फ्लॅटबुश वस्तीत राहणारी, हात सुईसारखा आणि जीभही. दर अंकात चार वेळा अंधारात नटीला सोलून पुन्हा गुंडाळायची, आणि एक हुक इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही. तिच्या नवऱ्याच्या, रेनल्डच्या, हृदयाचं ऑपरेशन शरद ऋतूत व्हायचं ठरलं होतं. त्याचा विमा ओडेटच्या कामावर चालायचा. काम बंद की काही दिवसांत विमा बंद. मग ऑपरेशन कुठलं आणि काय. हे थेल्माला माहीत होतं. रेनल्डने केलेला भात तिने किती रविवारी त्यांच्याच टेबलावर बसून खाल्ला होता.

तरी मे महिन्यात लॉनीच्या खोलीत ती म्हणाली, "कॉरिन ॲशबी घेऊन जाणार. पलीकडच्या गल्लीतली."

लॉनी म्हणाला, "थेल्मा, अगं, आपली मॅरिबेथ आहे."

"आपली आहे म्हणून काय मतं वाढतात? ॲशबीच्या गाण्याला कोट जमिनीवर पडतात. आपल्याकडे अजून मांडीवर आहेत. थोडे सरकतायत, पण आहेत."

ओडेट दाराला टेकून उभी होती. तोंडात टाचण्या. तिने त्या एकेक करून काढल्या आणि बाहीला टोचल्या. मग म्हणाली, "थेल्मा, तू आयुष्यभर लोकांची टकलं बघितलीस. गाणं कधी ऐकलंस का गं? ज्याला तोंड आहे असं माणूस तुला शेवटचं कधी दिसलं?"

सगळे हसले. असे हसले की लॉनीची कॉफी सांडली. आजवर ह्या खोलीत थेल्मा बोलायची आणि बाकीचे हसायचे. थेल्मावर कुणी हसलं नव्हतं. तीही हसली, थोडंसं. पण पुढच्या रविवारपासून भाताला गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली.

मग आला तो बुधवार. बुधवारी दोन खेळ, दुपारचा आणि रात्रीचा. सकाळी मॅरिबेथ आली ती घोगरी. एकदमच बसलेला नव्हता घसा. गायली असती, गळा शेकून, वरचे दोन सूर सांभाळून निभावलं असतं. पण ओडेटने तिला सोफ्यावर आडवं केलं, गळ्याभोवती रुमाल गुंडाळला आणि सांगितलं, "दुपारी गप्प पडून राहायचं. दुपारी शाळांच्या सहली येतात आणि ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्या. मत देणारे रात्री येतात. जो आवाज आहे तो रात्रीसाठी ठेव."

मॅरिबेथने आईचं ऐकावं तसं ऐकलं. दुपारी बदली नटी करणार असं ठरलं.

ओडेटचं चुकलं नव्हतं तसं. वर्षभर मत देणारे रात्रीच येतात. पण मत द्यायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. शेवटपर्यंत टाळंटाळ केलेली सगळी मंडळी एका दमात उरलेली नाटकं उरकत फिरत होती. एक दुपारी, एक रात्री. आणि रात्री त्यांना दुसरीकडे जायचं होतं.

दार उघडायच्या आधी दारावरच्या बायकांना कोण कुठे बसणार ते सांगितलं जातं. थेल्माने ऐकलं. कडेच्या खुर्च्या, एकामागून एक, सगळ्या मत देणाऱ्यांच्या. वर्षभरात इतके एकदम कधी आले नव्हते.

तिच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. नेहमीची नटी नसली की प्रत्येक पुस्तिकेत चिठ्ठी घालावी लागते, आजच्या खेळात अमुक भूमिका अमुक करणार म्हणून. थेल्मा पुस्तिका उघडायची, चिठ्ठी सरकवायची, मिटायची.

आता नाटकवाल्यांत एक रिवाज आहे. प्रेक्षकांत कोण बसलंय हे पडद्यामागे सांगायचं नाही. नट घाबरतात, अपशकुन होतो. ओडेटने तर मॅरिबेथच्या दारावर तसा कागदच चिकटवला होता. पण रिवाज पाळतंय कोण? थेल्मानेच शंभरदा मोडला होता. लॉनीला फोनवर नुसतं "आज जरा केस नीट विंचरा" म्हटलं की पुरायचं. मागे सगळ्यांना कळायचं.

फोन भिंतीवर होता. हात लांब केला असता तर पोहोचला असता. मॅरिबेथ अजून वर सोफ्यावर पडलेली होती. अर्धा तास होता. ओडेटने तिला अर्ध्या तासात राणी करून उभी केली असती.

थेल्माने फोनकडे बघितलं. मग स्वतःशीच म्हणाली, "मला काय कळतं. मी टकलं बघते." आणि पुढची पुस्तिका उघडली.

मत देणारे आले. तिने एकेकाच्या कोपराला हात लावून जागेवर बसवलं. त्यांनी पुस्तिका उघडली, चिठ्ठी वाचली, आणि एकमेकांकडे बघून खांदे उडवले. एक जण म्हणाला, "म्हणजे क्विल नाहीच?" थेल्मा लोण्यासारखी म्हणाली, "घसा हो बिचारीचा. पायरी सांभाळा." बदली पोरगी चांगलीच गायली. मंडळी शिस्तीत टाळ्या वाजवून टॅक्सी पकडायला पळाली. ज्या बाईला बघितलंच नाही तिला मत कोण देणार?

रात्री मॅरिबेथ अशी गायली की लोक उभे राहिले. कडेच्या खुर्च्यांवर ओहायोची पर्यटक मंडळी होती. ती सगळ्यात आधी उभी राहिली.

निकालाच्या रविवारी नवव्या ॲव्हेन्यूवरच्या बारमध्ये सगळे टीव्हीपुढे. रेनल्डही आला होता, नवा शर्ट घालून, जिना चढून आल्यावर दहा मिनिटं न बोलता बसलेला. ओडेटने त्याचा हात धरून ठेवला होता. टीव्हीवर निकालाचं पाकीट उघडलं गेलं. कॉरिन ॲशबी.

बारवाल्याने उगाचच एक ग्लास पुसला. रेनल्ड ओडेटला हळूच म्हणाला, "जाऊ दे. नाटकच आहे." आणि मागच्या टेबलावरून थेल्माचा आवाज आला, लोण्यासारखा.

"मी म्हटलं होतं ना, ॲशबी."

लॉनीने तिच्याकडे असं बघितलं की दुसरी एखादी उठून गेली असती. थेल्माने चीजकेकचा तुकडा मागवला.

नाटक बंद होण्याची सूचना आठवड्याभरात लागली. शेवटच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी थेल्मा वर मॅरिबेथच्या खोलीत गेली तेव्हा ओडेट एकटीच सामान बांधत होती. मॅरिबेथला कॅलिफोर्नियात टीव्हीचं काम मिळालं होतं, ती निघूनही गेली होती. रेनल्डच्या ऑपरेशनसाठी इस्पितळाने आता आगाऊ पैसे मागितले होते.

ओडेट वळली नाही. म्हणाली, "लॉनीने सांगितलं त्या बुधवारी कोण कोण आलं होतं."

"बरेच आले होते."

"तुला दार उघडायच्या आधी माहीत होतं."

"माहीत असतं आम्हाला."

"फोन होता तिथे."

"तुझाच कागद होता दारावर. कोण आलंय ते सांगू नका म्हणून. मोठ्या अक्षरात." थेल्मा खुर्चीवर बसली. "आणि झोपवलं कुणी तिला? मी? सोफ्यावर रुमाल गुंडाळून तू झोपवलंस."

ओडेटचे हात थांबले. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. निकालाच्या रविवारपासून रोज रात्री रेनल्डच्या श्वासाचा आवाज ऐकत ती हेच स्वतःला सांगत पडलेली असायची. ती एवढंच म्हणाली, "तो दर रविवारी तुझ्याबद्दल विचारतो. थेल्मा का येत नाही म्हणून."

थेल्माने कोटाचं बटण लावलं. मग तिची नजर कोपऱ्यात गेली, आणि तिला एकदम हायसं वाटल्यासारखं झालं.

"हा टेबलफॅन कुठे घेऊन चाललीस?"

ओडेटने बघितलं. खोक्यावर छोटा हिरवा पंखा होता. "माझा आहे तो. तू दिलास मला."

"वापरायला दिला."

"चार उन्हाळे झाले, थेल्मा. दिलास तू. बरा गारवा येईल म्हणालीस."

"बरा गारवा येईल म्हटलं. ठेवून घे म्हटलं का?"

"मला घरी हवाय तो. रेनल्डला रात्री..."

"गेल्या वर्षी तूच जिन्यात ओरडलीस, लॉनीसमोर. 'थेल्मा, तुझा पंखा खडखड करतो, घेऊन जा तुझा पंखा.' 'तुझा' म्हणालीस. 'माझा' नाही म्हणालीस. विचार लॉनीला. विचारू?"

ओडेटने पंखा उचलला आणि टेबलावर ठेवला. "ने."

"झालं तर मग. एवढंच म्हणणं होतं माझं," थेल्मा म्हणाली आणि वायर गुंडाळायला लागली.