उगवण्याआधीच शिजलेले वाल

मंडळी, आज माझी पहिलीवहिली शेती उगवायच्या आधीच शिजली!

डोंबिवलीतल्या आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये या हिवाळ्यात काय लावायचं, यावर आठवडाभर डोकं खाजवलं. पालक, मेथी, मुळा... शेवटी वाल ठरले. मुरबाडच्या मामाने शेत विकलं, त्याआधीचं मूठभर बियाणं घरात होतं. ते भिजवून फडक्यात बांधून ठेवलेलं.

सकाळी कुंडीसाठी माती आणायला गेलो. परत येतो तर आईने सगळे वाल सोलून फोडणीला टाकलेले!

"मोड आलेले दिसले. म्हटलं, तुला बिरडं खायचंय."

"अगं, ते पेरायचे होते!"

तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "भातकापणी झाली की आम्ही वाल टाकायचो. पाणी कोण घालतंय? दवावरच यायचे."

बिरडं मात्र अगदी मामाकडच्यासारखं झालेलं. दोघांनी चाटूनपुसून संपवलं.

न भिजलेले चार कडक दाणे तिने सवयीने ग्रिलमधल्या तुळशीच्या कुंडीत टाकलेले. मी पाणी घालायला गेलो, तर म्हणाली, "राहू दे रे. दव पडेल."

आमच्या ग्रिलवर पत्रा आहे.

दुपारी तिचा डोळा लागल्यावर मी गुपचूप पेलाभर पाणी घातलं. बरोबर केलं ना?