जाळीवरची पाटी

घाटाच्या अर्ध्यावर एक जुनाट पिकअप बॉनेट उघडून वाफा सोडत उभा होता. मागे टोमॅटोचे क्रेट, पुढे घाम पुसणारा मालक. रस्ता अडला होता, म्हणून मीही उतरलो.

"पाणी बदललं, पट्टा बदलला, डिझेल फिल्टरही बदलला," तो सांगत होता. "तरी चढ लागला की तापतंय आणि धक्के मारतंय. नजर लागली, दुसरं काय!"

मी रेडिएटरपुढची जाळी बघायला वाकलो, तर जाळी दिसेचना. तिच्यावर पत्र्याची भलीमोठी पाटी ठोकलेली होती. पाटीवर सोनेरी अक्षरांत मालकाच्या आजोबांचं नाव आणि वर दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार. वारा आत शिरणार कुठून?

"अहो, ही पाटी काढा. इंजिन गुदमरतंय."

"पाटी काढू?" त्याचा चेहरा इंजिनाहून तापला. "गाडी जळाली तरी चालेल, नाव खाली येणार नाही."

मला त्याची कीव आली नाही, किळस आली. जिथून श्वास घ्यायचा तिथेच माणसं मोठेपणा ठोकतात आणि जीव घुसमटला की शेजाऱ्याच्या डोळ्यांना बोल लावतात. अशी तापलेली घरं मी कमी पाहिलेली नाहीत.

इंजिन निवल्यावर त्याने नजर लागू नये म्हणून बांधतात ती काळी बाहुली डॅशबोर्डच्या खणातून काढली. पाटीच्या कडेला जाळीची बोटभर फट उघडी राहिली होती. बाहुली त्याने नेमकी तिथे बांधली.