बोरॉनबाईंचा स्फटिक

आमच्या मॅडम कधी चालल्याच नाहीत. अमरावतीतल्या आमच्या भौतिकशास्त्र विभागाच्या व्हरांड्यातून त्या पदर खोचून अक्षरशः धावत यायच्या. बोरेटचे, म्हणजे बोरॉनच्या क्षारांचे, नवे स्फटिक वाढवण्याचं त्यांना असं वेड की विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'बोरॉनबाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

मी अकोल्याच्या जुन्या शहरातली. त्यांच्याकडे पीएचडीला आले तेव्हा पहिल्याच भेटीत विचारलं, "मॅडम, बोरेटच का?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. आनंद झाला की त्यांच्या तोंडी शेंदूरजनाघाटची बोली यायची. "अवं, साध्या काचेत अतिनील किरणं अडकतात, याच्यातून आरपार जातात! नीट जमला तर हिरवा लेझर आत टाकायचा अन् अतिनील बाहेर काढायचा. कंप्युटरच्या बारीक चिपा कोरायले तोच लागते!"

पण जमणं सोपं नव्हतं. वितळलेलं मिश्रण मधासारखं चिकट. जरा घाईनं निवलं की स्फटिकाला तडे. एका उन्हाळ्यात वीज गेली, भट्टी थंडावली आणि प्लॅटिनमच्या मुशीत नुसते तुकडे उरले. मला रडू फुटलं. मॅडम भिंगाखाली बघत ओरडल्या, "इकडं ये वं! हा कोपरा पाह्य, कसा साफ आहे! म्हंजे मिश्रण बराबर आहे, निवणं चुकून राह्यलं." त्यांनी भट्टीला बॅटऱ्या जोडून घेतल्या आणि निवण्याचा वेग आणखी कमी केला.

त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. स्फटिक त्यांच्यादेखत होईल का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आणि एका दुपारी तो निघाला. नखाएवढा, अखंड, पाण्यासारखा स्वच्छ!

कापून, घासून आम्ही तो लेझरसमोर बसवला. पलीकडे किरण वेगळे करणारा लोलक आणि पांढरा कागद. कागदावर हिरवा ठिपका पडला. मी स्फटिक केसभर फिरवला, आणखी केसभर, आणि हिरव्याशेजारच्या कोऱ्या जागेवर एकदम निळा ठिपका उजळला. अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाही, पण कागद त्याच्यानं असा चमकतो.

"निघाला वं, निघाला!" मॅडमनी माझा हात गच्च धरला, आणि संरक्षक चष्म्यासकट धावत जाऊन विभागप्रमुखांना बैठकीतून उठवून आणलं.

निरोप समारंभात मी तो स्फटिक मखमली डबीत घालून त्यांच्या हाती दिला. त्यांनी परत केला. "घरी नेऊन काय करू, देवात ठेवू? याच्याहून मोठा वाढव."

आता मी अकोल्यात शिकवते, माझी स्वतःची भट्टी आहे. परवा मोठा स्फटिक अखंड निघाला. लगेच त्यांना फोन लावला.

"कापला त नाही ना अजून? मी पाह्यल्याबिगर कापू नको. बस पकडून राह्यली मी!"